आई, गुणाकार नको

मे महिन्यात वसई पट्ट्यातल्या अंगणांत लाल मिरच्या वाळत पडतात आणि त्याच सुमारास घरोघरी बॅगांचं वजनही सुरू होतं. वजनकाट्याच्या हुकाला बॅग अडकवून वर उचलायची, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरायचा, मग "अजून तीनशे ग्रॅम बसतील" असं म्हणत मसाल्याची आणखी एक पिशवी आत सरकवायची. विरारच्या बोळिंजमध्ये असा एक काटा चार घरांत फिरतो. ज्याच्या घरी तो मुक्कामाला असेल, त्या घरातलं कुणीतरी लवकरच विमानात बसणार, एवढं शेजाऱ्यांना न विचारता कळतं.

परदेशातल्या किराण्याचा खर्च मांडायचा तर मी हिशेब इथून, या काट्यापासून सुरू करते. अमेरिकेला जाणाऱ्या माणसाला बहुधा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा मिळतात. त्यातले कपडे किती? लुगडी-पँटी, स्वेटर, औषधं धरून पंधरा किलो. उरलेली सगळी जागा किराण्याची. गोडा मसाला, भाजणी, कुळथाचं पीठ, कोकमं, डिंक, अळीव, खारीक, मेतकूट. ख्रिस्ती घर असेल तर बॉटल मसाला. वाडवळी घर असेल तर त्यांचा स्वतःचा मसाला आणि आगाशीची सुकेळी.

बॅगेतल्या या दुकानाला जगभरचे कायदे आडवे येतात, आणि त्यांची जाण इथल्या बायकांना एखाद्या एजंटाइतकी आहे. बॉटल मसाल्यात वीसहून अधिक जिन्नस पडतात आणि पुष्कळ घरांत त्यांतला एक खसखस असतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते, कारण ती अफूच्या बोंडातून निघते. सिंगापूरलाही तेच. म्हणून दुबईला जाणाऱ्या मसाल्याचा घाणा वेगळा काढायचा, खसखशीविना. अमेरिकेत ताजा कढीपत्ता चालत नाही, कारण लिंबूवर्गीय झाडांचा एक रोग त्याच्याबरोबर जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियात तर खाण्याचा प्रत्येक पदार्थ उतरण्यापूर्वीच्या कार्डावर लिहून द्यावा लागतो. लिहून दिलं आणि त्यांनी काढून घेतलं तर फक्त वस्तू जाते, लपवलं आणि सापडलं तर दंड होतो. "लिहून द्यायचं, लाजायचं नाही," हा सल्ला इथे सासू सुनेला देते.

लांबच्या मुक्कामाचे प्रवासी म्हटलं की डोळ्यांपुढे पाठीवर पिशवी टाकून फिरणारा पंचविशीतला पोरगा येतो. बोळिंजमध्ये तो फारसा दिसत नाही. इथला लांबच्या मुक्कामाचा प्रवासी साठी ओलांडलेला असतो. मुलीचं बाळंतपण, सुनेची रजा संपणं, नातवाची शाळा, अशा कारणांनी तो किंवा ती निघते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर सहसा एका खेपेला सहा महिने राहता येतं, ब्रिटनमध्येही सहा. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त नाही. कॅनडाच्या आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत. म्हणजे ही माणसं धड पाहुणीही नाहीत आणि रहिवासीही नाहीत. त्यांना तिथे कमाई करता येत नाही. स्वयंपाक मात्र रोज त्यांनीच करायचा असतो आणि दुकानातही बहुधा त्यांनाच जायचं असतं. परदेशातल्या महागाईचा खरा जाणकार म्हणूनच मला आयटीतला मुलगा वाटत नाही, त्याची आई वाटते.

आणि ही आई गुणाकार करते. पहिल्या आठवड्यात तर तिच्या डोक्यात दुसरं काही चालतच नाही. कोथिंबिरीच्या चार काड्यांचं पाकीट हातात घेतलं की डॉलर अठ्ठ्याऐंशीचा धरून, एक डॉलर एकोणपन्नास गुणिले अठ्ठ्याऐंशी. म्हणजे एकशे एकतीस रुपये. ज्या कोथिंबिरीच्या दोन काड्या विरारच्या बाजारात भाजीवर फुकट टाकून मिळायच्या, तिचे एकशे एकतीस. पाकीट परत फडताळावर जातं. मागून मुलगी म्हणते, "आई, गुणाकार नको गं करूस. वेड लागेल."

मुलीचं बरोबर आहे, पण तिने दिलेलं कारण अपुरं आहे. "आमचे पगारही तसेच असतात" एवढंच ती म्हणते. थोडं खोलात गेलं तर गंमत वेगळीच दिसते. ब्रिटनमध्ये चार पाइंटचा, म्हणजे २.२७ लिटरचा दुधाचा कॅन मोठ्या दुकानांत अलीकडे साधारण दीड पौंडाला मिळत आला आहे. पौंड ११५ रुपयांचा धरला तर लिटरमागे शहात्तर रुपये. विरारला पिशवीचं चांगलं दूध सत्तरीच्या घरात जातं. म्हणजे गुणाकार करूनही फरक चिमूटभरच. आता दुसऱ्या काट्यावर मोजा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये प्रौढ कामगाराचं तासाचं किमान वेतन १२.२१ पौंड झालं. एका तासाच्या मजुरीत तिथे अठरा लिटर दूध येतं. आपल्याकडच्या नाक्यावर उभा राहणारा मजूर एका तासाच्या कमाईत लिटर-दीड लिटर घेऊ शकला तरी पुष्कळ. दूध इथलं महाग आहे. तिथलं नव्हे.

केळ्यांचंही तसंच. वसईच्या माणसाला केळ्यांबद्दल कुणी शिकवू नये, पण अमेरिकेतल्या ट्रेडर जोज या दुकानसाखळीने एक केळं १९ सेंटला विकायचं ठरवलं ते वीसहून अधिक वर्षं तसंच ठेवलं आणि २०२४ च्या मार्चमध्ये भाव २३ सेंटवर नेला, तर ती राष्ट्रीय बातमी झाली. २३ सेंट म्हणजे वीस रुपये. डझनाचे दोनशे चाळीस. गुणाकार करणाऱ्या आईला हे लुटणं वाटतं आणि त्याच दुकानात सर्वांत स्वस्त फळ म्हणून लोक केळीच उचलत असतात. चवीचा प्रश्न काढू नका. राजेळी खाल्लेल्या माणसाने त्या पिवळ्याधमक केळ्याबद्दल जे मत दिलं, ते मी इथे छापत नाही.

मग कोथिंबीर एवढी महाग का आणि दूध स्वस्त का? उत्तर मजुरीत आहे. दूध, अंडी, कोंबडी, बटाटा, ओट्स या गोष्टी तिथे यंत्राने होतात, माणसाचा हात त्यांना कमी लागतो. कोथिंबिरीची जुडी बांधायला, मेथी निवडायला, शेवग्याच्या शेंगा उतरवायला हात लागतात, आणि हातांची किंमत तिथे जबर. त्यात मेथी नि शेवगा लांबून येणार, थंड पेटीतून. बोळिंजची वाडीवरची बाई पहाटे चारला उठून भाजी खुडते, जुड्या बांधते, टोपली उचलून लोकलने दादर-वांद्र्यापर्यंत नेते, तेव्हा तिच्या त्या सहा तासांचे पैसे जुडीच्या भावात जवळपास धरलेलेच नसतात. आपली भाजी स्वस्त आहे म्हणून आपण जे कौतुक करतो त्यातलं निम्मं तिच्या खिशातून गेलेलं असतं.

अर्थशास्त्रज्ञ याला क्रयशक्तीची तुलना म्हणतात. जागतिक बँकेच्या २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय मोजणीत भारतात वीस-बावीस रुपयांत जे येतं, तेवढ्यासाठी अमेरिकेत एक डॉलर लागतो असं निघालं. त्या वर्षी बाजारात डॉलर चौऱ्याहत्तरच्या आसपास होता. 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने १९८६ मध्ये हीच तुलना गमतीने बर्गरच्या किमतीवर सुरू केली. भारतात गोमांसाचा बर्गर विकत नाहीत म्हणून आपल्यासाठी त्यांना महाराजा मॅक धरावा लागला. पण सावध राहायला हवं. हा सगळा फरक केशकर्तनालय, रिक्षा, घरकाम यांत सर्वांत जास्त दिसतो. तांदूळ, तेल, डाळ या जगभर फिरणाऱ्या मालात तो पुष्कळ कमी. न्यू जर्सीत केस कापायचे वीस-पंचवीस डॉलर देताना जो धक्का बसतो, तो तुरीच्या डाळीला बसत नाही.

ताटाचा वाटा बघितला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार भारतातल्या शहरी कुटुंबाच्या मासिक खर्चात खाण्याचा वाटा सुमारे चाळीस टक्के होता, ग्रामीण कुटुंबाच्या सत्तेचाळीस. अमेरिकेत हातात येणाऱ्या उत्पन्नातले साधारण दहा-अकरा टक्के खाण्यावर जातात, आणि त्यांतले निम्मे हॉटेलांत. मुलीला कोथिंबीर टोचत नाही ती यामुळे. आईला टोचते, कारण तिची सगळी हयात चाळीस टक्क्यांच्या घरात गेली आहे.

आखातात गोष्ट निराळी. तिथे गेलेला इकडचा माणूस बहुतेक वेळा एकटा असतो आणि गुणाकार तोही करतो, पण उलट कारणासाठी. त्याला घरी पैसे पाठवायचे असतात. खाण्यात वाचवलेला प्रत्येक रियाल इथे रुपये होऊन उतरतो. कतारने मार्च २०२१ पासून किमान वेतन हजार रियाल ठरवलं, आणि मालक जेवण देत नसेल तर त्यासाठी महिना ३०० रियाल वेगळे द्यायचे असा नियम केला. दिवसाला दहा रियाल. यात एकट्याने चूल मांडणं परवडत नाही. म्हणून एका खोलीतले सहा-आठ जण मेस लावतात, पाळीपाळीने रांधतात, शुक्रवारी हिशेब करतात. त्या मेसमध्ये मल्याळी, तेलुगू, नेपाळी, मराठी एकाच पातेल्यात जेवतात आणि मसाला कुणाचा यावरून महिन्यातून एकदा भांडण होतंच.

एक जुनी गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. एके काळी दुबईत, बहारीनमध्ये, कुवेतमध्ये गुणाकाराची गरजच नव्हती. तिथे चलन भारतीय रुपया होता. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे परकीय गंगाजळी आटू लागली तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये त्या सोडल्या, बहारीनने १९६५ मध्ये. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर पावणेपाचवरून साडेसातावर गेला आणि बाकीच्या बहुतेकांनीही पाठ फिरवली. त्या आधी मुंबईहून गलबतातून गेलेला तांदूळ दुबईच्या खाडीकाठी रुपयांतच विकला जाई. आता दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे. रुपया घसरला की दुबईतल्या माणसाचा पगार घरच्यांना वाढल्यासारखा दिसतो आणि फिरायला गेलेल्या आई-वडिलांना मात्र तोच टोमॅटो महाग पडतो. एकाच घरातली दोन माणसं एकाच बातमीने खूश आणि नाराज.

पर्यटकाला न कळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे छापील किंमत. आपण एमआरपीच्या राज्यात वाढलो. बिस्किटाच्या पुड्यावर जे छापलं त्याहून जास्त घेतलं तर आपण दुकानदाराशी भांडतो, आणि कायदा आपल्या बाजूने असतो. परदेशात बहुतेक ठिकाणी असा आकडाच नसतो. तेच दही एका दुकानात दीडला, कोपऱ्यावरच्या दुकानात अडीचला. कुणी चोर नाही, त्यांची ती पद्धतच. ब्रिटनमध्ये टेस्कोसारख्या दुकानात दोन भाव लावलेले असतात, एक क्लबकार्ड असलेल्याचा आणि दुसरा नसलेल्याचा. नुकताच उतरलेला माणूस अर्थातच दुसऱ्यात. अमेरिकेत पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. बहुतेक राज्यांत कच्च्या किराण्याला कर नाही, पण साबण-कागदी रुमाल बिलात चढले की आकडा फुगतो आणि आई काउंटरवर थबकते. मागे रांग लागते. मला वाटतं तिने थबकावंच. बिल वाचणारी ती त्या रांगेतली एकटीच असते.

हळूहळू ती शिकते. हे शिकणं फार झपाट्याने होतं आणि त्याचं श्रेय कुणी देत नाही. भारतीय दुकानाआधी चिनी किंवा तुर्की दुकान गाठायचं, तिथे जुडी मोठी आणि भाव कमी. फ्रोझन भाजीला नाक मुरडायचं नाही. ब्रिटनमध्ये संध्याकाळी पिवळी चिकटपट्टी लावलेला माल शोधायचा. जर्मनीत प्लॅस्टिकची बाटली फेकायची नाही, ती परत दिली की २५ सेंट मिळतात. किमतीखाली बारीक अक्षरांत किलोचा भाव असतो, तो वाचायचा. दही विकत आणायचं नाही, विरजण लावायचं. धने चुरडून खिडकीतल्या कुंडीत टाकायचे. महिन्याभरात जावई मित्रांना सांगायला लागतो, सासूबाई आल्यापासून किराण्याचं बिल उतरलं. खरं तर हॉटेलाचं बिल उतरलेलं असतं, पण तेही तिच्यामुळेच.

पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्यांसाठी इथे एक उलटा नियम सांगून टाकते. युरोप-अमेरिकेत स्वतः रांधलं तर वाचतं. थायलंड, व्हिएतनाममध्ये रांधणाऱ्याचं नुकसान होतं. तिथे गाडीवरचं जेवण इतकं स्वस्त आणि ताजं की बँकॉकमधल्या पुष्कळ लहान खोल्यांना धड स्वयंपाकघरच नसतं. शाकाहारी माणसाची मात्र पंचाईत, माशाची फोडणी कशात नाही हे विचारता विचारता जीव जातो.

खर्च कमी करायचा सर्वांत जुना उपाय म्हणजे भूक मोजून घेणं. बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेलेले आंबेडकर त्यातूनही घरी पैसे पाठवत. पुढे लंडनमध्ये रात्री भाजलेले पापड आणि कपभर दूध यावर त्यांनी अभ्यास रेटला, हे त्यांच्या चरित्रांत आलेलं आहे. ते पापडही एका स्नेह्याने दिलेले. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये सिलोनला पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात भिक्षू झाले. भिक्षूचा किराणा म्हणजे भिक्षापात्र, त्याचा खर्च शून्य. पुढे हेच गृहस्थ १९१० मध्ये हार्वर्डला पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या आणि फिलाडेल्फियाच्या थंडीत शाकाहार सांभाळून डॉक्टरी शिकल्या. तिथे तेव्हा डाळ-मसाल्याचं दुकान कुठलं! शिकागोतल्या डेव्हन अॅव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान उघडलं ते १९७४ मध्ये. मधली नव्वद वर्षं मराठी माणसाने अमेरिकेत फोडणीविना काढली असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आता फोडणी मिळते, पण तिचा भाव दिल्लीत ठरतो. २० जुलै २०२३ रोजी सरकारने बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि अमेरिकेतल्या भारतीय दुकानांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. कुटुंबामागे एकच पोतं अशा पाट्या चिकटल्या. ती बंदी २०२४ च्या सप्टेंबरअखेर उठली. त्या मधल्या काळात, ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. लासलगावात भाव कोसळले, आखातात आणि बांगलादेशात चढले. दुबईतल्या कुटुंबाला दुसऱ्या देशांचा कांदा घ्यावा लागला आणि नाशिकच्या शेतकऱ्याला स्वतःचा कांदा पडेल भावाने द्यावा लागला. नुकसान दोन्ही टोकांना. बंदी ४ मे २०२४ ला उठली ती निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, आणि सोबत चाळीस टक्के शुल्क ठेवूनच. वर २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर एकूण पन्नास टक्के आयातशुल्क लावलं. हिंगाच्या डबीपासून पापडाच्या पुड्यापर्यंत सगळ्याला तेव्हा त्याची झळ बसली.

हापूसची कथा याहून खर्चिक. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडलं ते विकिरणाच्या अटीवर. लासलगावच्या आणि वाशीच्या केंद्रांत पेट्या किरणांखालून जातात, अमेरिकेचा निरीक्षक तिथे हजर असतो आणि त्याचा खर्च आपण उचलतो. मग विमान. मे २०२५ मध्ये नवी मुंबईहून गेलेल्या पंधरा खेपा कागदपत्रांतल्या त्रुटीमुळे अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या. परत आणण्यापेक्षा तिथेच नष्ट करणं स्वस्त पडलं. अशा प्रवासाअंती एका पेटीला चाळीस-पन्नास डॉलर पडले तर त्यात शेतकऱ्याचा वाटा किती, हे कुणीही ताडावं. आई हा गुणाकार करतच नाही. आंब्याच्या वेळी ती बोळिंजलाच असते, तिकीटच तसं काढते.

आणि बोळिंज तरी स्वस्त कुठे राहिलंय? आगाशी रस्त्याला एके काळी दोन्ही हातांना वाड्या होत्या, केळी, फुलं, वाल, पडवळ. हरित वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी भांडले म्हणून पश्चिमेचा काही पट्टा अजून हिरवा आहे. बाकी ठिकाणी इमारती. म्हाडाची अवाढव्य वसाहत इथेच, जिथे कित्येक वर्षं हजारो घरं पाण्याअभावी नि गिऱ्हाइकाअभावी पडून होती. त्या इमारतींत राहणाऱ्यांची भाजी आता वाशीच्या बाजारातून टेंपोने येते. वाडीवरची भाजी हवी असेल तर सकाळी लवकर जायचं आणि जास्त पैसे मोजायचे.

सहा महिन्यांनी परत आलेली माणसं या बाजारात लगेच ओळखू येतात. ती आता भागाकार करतात. साठ रुपये पाव गवार ऐकून त्यांच्या मनात सत्तर सेंट उमटतात आणि तोंडातून "द्या" निघून जातं. घासाघीस नाही, वाटा उलटापालटा करून बघणं नाही. शेजारची एक बाई टोरांटोहून आल्यावर अशीच शांतपणे पैसे काढू लागली. तेव्हा टोपलीमागच्या म्हातारीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "बायो, बरं नाय काय तुला?" मग म्हातारीनेच दहा रुपये कमी केले, वर कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी पाच रुपयांवरून भांडायला लागली.